पदच्छेद आणि यंत्र : 'सी' भाषेतील शब्दविभाजनाचा विचार

कोणत्याही ग्रंथाची पदसूची अथवा कोश तयार करावयाचा असेल, तर पहिले काम असते ते त्या ग्रंथातील शब्द एकमेकांपासून वेगळे करण्याचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सिद्ध केलेला पाली शब्दकोश महाराष्ट्र शासनाच्या 'लेखन आणि भाषणे' या मालेच्या सोळाव्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध झाला. तो उघडून पाहणाऱ्या वाचकाच्या सहज लक्षात येते की, अशा प्रत्येक कोशामागे शब्द वेचण्याचे आणि ते क्रमाने लावण्याचे प्रदीर्घ परिश्रम असतात. पूर्वी हे काम चिठ्ठ्यांवर होत असे. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याखाली ग्रंथाचे नाव, पृष्ठ व ओळ. आज तेच काम संगणकाकडून करवून घेता येते. त्रिपिटकाचा पाठ संगणकावर उपलब्ध आहे आणि आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी संगणकशास्त्राचे शिक्षण घेतलेली मुलेमुली आहेत. परंतु संगणक हे काम नेमके कसे करतो, ते करताना मूळ पाठाचे काय होते, आणि कोणत्या ठिकाणी शब्द निसटतात, याचा विचार पाली अभ्यासकांत क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात आम्ही 'सी' या भाषेच्या आधारे तो करणार आहोत.

'सी' ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या आरंभी तयार केली. ब्रायन कर्निगन व रिची यांचा या भाषेवरील ग्रंथ १९७८ साली प्रसिद्ध झाला आणि १९८९ साली तिचे अमेरिकी प्रमाण निश्चित झाले. तिला निम्नस्तरीय भाषा म्हणतात. या संज्ञेत कनिष्ठतेचा अर्थ नाही. भाषा यंत्राच्या किती निकट आहे, एवढेच ती सांगते. उच्चस्तरीय भाषांत जे व्यवहार पडद्याआड होतात, ते 'सी'मध्ये उघड्यावर होतात. म्हणूनच शब्दविभाजनाची प्रक्रिया समजून घेण्यासाठी ही भाषा विशेष उपयोगी आहे.

स्ट्रिंग म्हणजे काय

संगणकाच्या मेमरीत मजकूर अक्षरांच्या रूपाने नसतो. तेथे केवळ संख्या असतात. ० ते २५५ यांपैकी एक संख्या जेथे मावते अशा घराला बाइट म्हणतात. अशा घरांच्या ओळीत ठेवलेल्या मजकुराला 'सी'मध्ये स्ट्रिंग ही संज्ञा आहे. ही स्ट्रिंग किती लांब आहे, याची नोंद कोठेही नसते. मजकूर जेथे संपतो त्यापुढील घरात ० ही संख्या ठेवलेली असते आणि ती दिसली की मजकूर संपला, असे यंत्र मानते. या घराला आपण 'शून्य बाइट' म्हणू. पुढील सर्व विवेचन या एका संकेतावर उभे आहे, म्हणून वाचकांनी तो नीट ध्यानात घ्यावा.

आता एक साधे पाली वाक्य घेऊ : 'भिक्खु गामं गच्छति'. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या संकेतप्रणालीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. चिन्ह म्हणजे मूळ वर्ण, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांपैकी प्रत्येक स्वतंत्र. 'भिक्खु' या शब्दात भ, इकार, क, हलन्त, ख आणि उकार अशी सहा चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट. 'गामं'मध्ये चार चिन्हे, म्हणजे १२ बाइट. 'गच्छति'मध्ये पुन्हा सहा, म्हणजे १८ बाइट. दोन शब्दांमधील रिकामी जागा हीदेखील संगणकाच्या दृष्टीने एक चिन्हच होय. तिचा क्रमांक ३२ असून ती एकच बाइट घेते. अशा दोन जागा मिळवल्या की वाक्य ५० बाइटचे होते आणि शेवटचा शून्य बाइट धरून ५१ घरे लागतात. घरांची मोजणी शून्यापासून करतात. म्हणून 'भिक्खु' ० ते १७ या घरांत, पहिली रिकामी जागा १८ व्या घरात, 'गामं' १९ ते ३० मध्ये, दुसरी रिकामी जागा ३१ व्या घरात, 'गच्छति' ३२ ते ४९ मध्ये आणि शून्य बाइट ५० व्या घरात येतो.

स्ट्रटोकची रीत

स्ट्रिंगचे तुकडे करण्यासाठी 'सी'च्या प्रमाण लायब्ररीत एक फंक्शन आहे. स्ट्रिंग आणि टोकन या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'स्ट्रटोक' असे नाव मिळाले. टोकन म्हणजे दोन विभाजक चिन्हांच्या मधला तुकडा. स्ट्रटोकला दोन गोष्टी द्याव्या लागतात : कापावयाची स्ट्रिंग आणि विभाजक चिन्हांचा संच. आपल्या उदाहरणात त्या संचात केवळ रिकामी जागा आहे.

पहिल्या आवाहनात स्ट्रटोक आरंभापासून चालू लागते. १८ व्या घरात तिला रिकामी जागा भेटते. ती त्या घरातील ३२ ही संख्या पुसते, तेथे ० लिहिते आणि पहिल्या घराचा पत्ता उत्तर म्हणून देते. त्या पत्त्यापासून वाचू लागले की १८ व्या घरातील शून्यापाशी मजकूर संपतो आणि आपल्याला 'भिक्खु' हा शब्द मिळतो. पुढे कोठून आरंभ करावयाचा, म्हणजे घर क्रमांक १९, हे स्ट्रटोक स्वतःजवळ लक्षात ठेवते. दुसऱ्या आवाहनात तिला स्ट्रिंग पुन्हा द्यावयाची नसते. तिच्या जागी 'काही नाही' या अर्थाचा रिक्त पॉइंटर द्यावयाचा, की ती आपल्या आठवणीतील ठिकाणापासून पुढे निघते, ३१ व्या घरात शून्य लिहिते आणि 'गामं' देते. तिसऱ्या वेळी 'गच्छति' मिळतो. चौथ्या वेळी काही उरलेले नसते, म्हणून उत्तरादाखल रिक्त पॉइंटर येतो.

रीत सुटसुटीत आहे. जादा मेमरी लागत नाही, कोणत्याही शब्दाची प्रत करावी लागत नाही. ज्या काळात संगणकाची मेमरी अत्यंत तोकडी होती, त्या काळात हा मोठाच गुण होता. परंतु याच रीतीतून चार अडचणी उद्भवतात आणि ग्रंथाच्या अभ्यासकाने त्या चारही जाणून घेणे अगत्याचे आहे.

मूळ पाठाचा छेद

पहिली अडचण अशी की, काम संपल्यावर मूळ वाक्य उरत नाही. वरील उदाहरणात तीनही शब्द मिळाल्यानंतर मूळ स्ट्रिंग छापावयास सांगितली, तर यंत्र केवळ 'भिक्खु' एवढेच छापते, कारण १८ व्या घरात आता शून्य आहे. उरलेली अक्षरे मेमरीत आहेत, पण वाक्य म्हणून ती हाती येत नाहीत. विभाजक चिन्हे अनेक असतील, म्हणजे रिकामी जागा, स्वल्पविराम, अर्धविराम इत्यादी, तर हानी आणखी वाढते. त्या ठिकाणी पूर्वी नेमके कोणते चिन्ह होते, हे स्ट्रिंगवरून पुन्हा सांगता येत नाही. ज्याला पाठभेदांची चर्चा करावयाची आहे, त्याच्यासाठी विरामचिन्हांची ही माहिती क्षुल्लक नाही.

याच गुणामुळे आणखी एक बंधन येते. आज्ञावलीच्या मजकुरात अवतरणात थेट लिहिलेली स्ट्रिंग बहुतेक संगणकांवर केवळ वाचता येणाऱ्या मेमरीत ठेवली जाते. तिच्यावर स्ट्रटोक चालवणे म्हणजे शिलालेखाचे वाचन करताना त्यावर छिन्नी चालवणे होय. 'सी'चे प्रमाण अशा लेखनाला मुभा देत नाही आणि बहुधा आज्ञावली तेथेच कोसळते. उपाय सरळ आहे. आधी पाठाची प्रत करावी आणि प्रतीवर काम करावे. मात्र प्रतीसाठी घरे मोजताना शून्य बाइटचे घर विसरू नये. आपल्या वाक्याच्या प्रतीला ५० नव्हे, ५१ बाइट लागतात.

रिकाम्या रकान्यांचा लोप

दुसरी अडचण विभाजक चिन्हे लागोपाठ आल्यास जाणवते. स्ट्रटोक अशी सर्व चिन्हे एकदम ओलांडून जाते. वाक्यात चुकून दोन रिकाम्या जागा पडल्या असतील, तर हा गुणच ठरतो. परंतु कोशाच्या नोंदीत तो घातक आहे. समजा, आपण प्रत्येक नोंद पद, लिंग व अर्थ अशा तीन रकान्यांत स्वल्पविराम देऊन लिहिली आहे. 'भिक्खु,पुल्लिंग,भिक्षू' ही नोंद बरोबर तीन तुकड्यांत विभागली जाते. पण क्रियापदाला लिंग नाही, म्हणून 'गच्छति,,जातो' अशी नोंद लिहिली, तर दोन स्वल्पविराम एकच मानले जातात आणि दोनच तुकडे मिळतात. 'जातो' हा अर्थ लिंगाच्या रकान्यात जाऊन बसतो. यंत्र कोणतीही तक्रार करीत नाही.

बर्कले येथील युनिक्समध्ये यासाठी 'स्ट्रसेप' हे फंक्शन आले. ते लागोपाठच्या दोन चिन्हांमधील रिकामा तुकडाही तुकडा म्हणून परत देते. ते 'सी'च्या प्रमाणात समाविष्ट नाही, तरी लिनक्स व इतर अनेक प्रणालींत उपलब्ध आहे. मात्र मूळ स्ट्रिंगवर शून्य लिहिण्याची सवय त्यालाही आहे.

एकच आठवण

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. पुढे कोठून आरंभ करावयाचा, ही आठवण स्ट्रटोक स्वतःजवळ ठेवते, असे आम्ही वर म्हटले. ही आठवण ठेवण्याची जागा एकच असते. आता समजा, शंभर ओळींचा पाठ आहे. बाहेरच्या फेऱ्यात आपण त्याच्या ओळी वेगळ्या करीत आहोत आणि आतल्या फेऱ्यात प्रत्येक ओळीचे शब्द. बाहेरच्या फेऱ्यासाठी स्ट्रटोकने 'दुसरी ओळ येथून सुरू होते' असे लक्षात ठेवलेले असते. आतला फेरा सुरू होताच ती आठवण पुसली जाऊन तेथे पहिल्या ओळीतील ठिकाण येते. पहिल्या ओळीचे शब्द संपले की आठवण त्या ओळीच्या अंताशी थांबलेली असते. बाहेरचा फेरा 'पुढची ओळ दे' असे म्हणतो, तेव्हा स्ट्रटोक 'काही उरले नाही' असे उत्तर देते.

परिणाम असा की, शंभर ओळींपैकी पहिल्या ओळीची सूची तयार होते आणि आज्ञावली शांतपणे संपते. नव्याण्णव ओळी सुटल्या, याची सूचना कोठेही येत नाही. हाती आलेली सूची दिसावयास व्यवस्थित असते. एका ओळीचा पाठ असता तर चूक उघडकीसच आली नसती. ज्या सूचीच्या आधारे 'अमुक शब्द या ग्रंथात आढळत नाही' असे विधान करावयाचे, तिच्याबाबत असे घडले तर ते विधानच निराधार ठरते.

यावरील उपाय म्हणजे 'स्ट्रटोक-आर'. यात आठवण ठेवण्याची जागा वापरणाऱ्याने स्वतः द्यावयाची असते. बाहेरच्या फेऱ्यासाठी एक आणि आतल्या फेऱ्यासाठी दुसरी अशा दोन जागा दिल्या की दोघांचा परस्परांशी संबंध राहत नाही. युनिक्स प्रणालींसाठीच्या पॉसिक्स या प्रमाणात १९९५ साली, एकाच आज्ञावलीत अनेक कामे समांतर चालवण्याच्या निमित्ताने, या फंक्शनचा समावेश झाला.

दंडाचा प्रश्न

चौथी अडचण खास आपली, म्हणजे देवनागरीत काम करणाऱ्यांची आहे. देवनागरीत छापलेल्या पाली पाठात वाक्याच्या शेवटी दंड येतो आणि तो बहुधा शब्दाला चिकटून असतो. केवळ रिकाम्या जागेवर कापले, तर सूचीत 'गच्छति' आणि 'गच्छति।' असे दोन वेगळे शब्द येतात. साहजिकच असे वाटते की, विभाजक चिन्हांच्या संचात दंडाचीही भर घालावी. येथेच सर्वात मोठा अनर्थ घडतो.

स्ट्रटोक अक्षरे ओळखीत नाही, ती बाइट ओळखते. यूटीएफ-८ मध्ये दंड म्हणजे २२४, १६५ व १६४ असे तीन बाइट. संचात दंड दिला की स्ट्रटोकच्या दृष्टीने या तीन संख्या तीन स्वतंत्र विभाजक चिन्हे होतात. आता देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. म्हणजे प्रत्येक अक्षराचे पहिले दोन बाइट विभाजक म्हणून टाकून दिले जातात.

'तथागत' हा शब्द घेऊन पाहू. त्यातील त म्हणजे २२४, १६४, १६४. थ म्हणजे २२४, १६४, १६५. आकाराची मात्रा म्हणजे २२४, १६४, १९०. ग म्हणजे २२४, १६४, १५१. शेवटी पुन्हा त. वरील तीन संख्या गाळल्या तर त आणि थ यांचा मागमूसही उरत नाही. मात्रेचा १९० आणि ग-चा १५१ एवढे दोन सुटे बाइट टोकन म्हणून हाती येतात आणि त्यांपैकी एकही स्वतःहून वाचता येण्याजोगा नाही. पंधरा बाइटच्या शब्दातून तेरा बाइट नाहीसे होतात.

ही अडचण पूर्वी नव्हती. १९९१ च्या भारतीय प्रमाणात, म्हणजे इस्की प्रणालीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एकाच बाइटमध्ये मावत असे. तेथे दंड हे स्ट्रटोकला समजणारे विभाजक चिन्ह होते. यूटीएफ-८ ची रचना केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ साली केली. थॉम्पसन हे रिची यांचे बेल प्रयोगशाळेतील सहकारी. त्यांच्या रचनेमुळे जगातील सर्व लिपी एकत्र नांदू शकल्या, पण 'एक बाइट म्हणजे एक अक्षर' हे जुने गृहीतक मोडले. स्ट्रटोक त्या गृहीतकावर उभी आहे. ती २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'सी'च्या प्रमाणातही कायम आहे.

समाधानाची गोष्ट अशी की, यूटीएफ-८ च्या रचनेतच यावरील उपाय आहे. १२८ पेक्षा लहान संख्येचा बाइट हा देवनागरी अक्षराच्या पोटात कधीही येत नाही. म्हणून रिकामी जागा, स्वल्पविराम आणि ओळीचा अंत यांवर निर्धास्तपणे कापता येते. दंडासाठी मात्र तीनही बाइट याच क्रमाने एकत्र शोधावे लागतात. त्यासाठी 'स्ट्रस्ट्र' हे फंक्शन आहे. ते एका स्ट्रिंगमध्ये दुसरी अखंड स्ट्रिंग शोधते. यूटीएफ-८ मध्ये एका पूर्ण चिन्हाचा शोध दुसऱ्या चिन्हाच्या मध्यभागी जाऊन अडकत नाही, त्यामुळे या शोधात फसगत होण्याची भीती नाही.

न पुसता मोजणे

मूळ पाठाला मुळीच हात न लावता शब्द वेगळे करता येतात का? येतात. 'सी'च्या लायब्ररीत त्यासाठी दोन फंक्शने आहेत. 'स्ट्रसीस्पॅन' हे विभाजक चिन्ह भेटेपर्यंत किती बाइट आहेत ते मोजते आणि 'स्ट्रस्पॅन' हे लागोपाठ किती विभाजक बाइट आहेत ते मोजते. दोन्ही केवळ वाचतात, लिहीत काही नाहीत. आपल्या वाक्यात पहिले मोजमाप १८ येते. याचा अर्थ शून्य क्रमांकाच्या घरापासून १८ बाइटचा शब्द. मग एक बाइट ओलांडून १९ पासून १२ बाइट. पुन्हा एक ओलांडून ३२ पासून १८ बाइट. शब्दांच्या जागी आपल्याजवळ तीन जोड्या येतात : आरंभ व लांबी. दंडाचे स्थान स्ट्रस्ट्रने आधी शोधून ठेवावे आणि शब्दाचा शेवट व दंड यांपैकी जे प्रथम येईल तेथे थांबावे.

या पद्धतीत श्रम थोडे अधिक आहेत, परंतु तिचा लाभ पदसूचीकाराला लगेच पटेल. आरंभाचा आकडा हाच त्या शब्दाचा स्थाननिर्देश असतो. जुन्या चिठ्ठीवर पृष्ठ व ओळ लिहीत, त्या जागी हा आकडा आहे. सूचीतील शब्दाविषयी शंका आली तर त्याच ठिकाणी परत जाऊन, अखंड राहिलेल्या पाठात, आजूबाजूचे शब्द पाहता येतात. ज्या सूचीवरून मूळ पाठाकडे परत जाता येत नाही, तिची तपासणी कोणी करू शकत नाही.

टोकन आणि पद

हे सर्व बिनचूक साधले, तरी एक मर्यादा उरतेच. यंत्राला जे मिळते ते टोकन. अभ्यासकाला हवे असते ते पद. 'नत्थि' हे एक टोकन आहे, पण त्यात न आणि अत्थि अशी दोन पदे आहेत. 'तत्रायं'मध्ये तत्र व अयं आहेत. 'गच्छामीति'मध्ये गच्छामि व इति आहेत आणि त्यामुळे सूचीत 'गच्छामि' व 'गच्छामीति' यांची गणना निरनिराळी होते. प्राचीन ब्राह्मी लेखांत तर बहुधा शब्दांमध्ये अंतरच नसते. तेथे रिकाम्या जागेवर कापणारे साधन संपूर्ण ओळ हा एकच शब्द समजेल. कच्चायन व्याकरणाचा आरंभ संधिकप्पाने होतो. जोड कोठे आहे हे कळल्याखेरीज पुढचे काहीच कळत नाही, याची जाणीव त्या रचनेतून दिसते. चिन्हावर कापणे हे यंत्राचे काम आहे. अर्थावर कापणे हे व्याकरण जाणणाऱ्याचे काम आहे आणि पहिले काम निर्दोष झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नाही.

आज अनेक अभ्यासक पायथनसारखी भाषा वापरतात. तिच्यात विभाजन करताना मूळ स्ट्रिंग बदलत नाही, रिकामे रकाने सांगितल्यास राखले जातात आणि दंड हे एकच चिन्ह मानले जाते. असे असता 'सी'चा एवढा विचार कशासाठी, असा प्रश्न वाचक विचारतील. पायथनची प्रचलित प्रमुख आवृत्ती स्वतः 'सी'मध्येच लिहिलेली आहे. आपल्यासाठी ही काळजी दुसऱ्या कोणीतरी, याच अडचणींना तोंड देऊन, आधी घेतलेली आहे. शिवाय साधन कोणतेही असो, ते वापरण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न तेच राहतात. हे साधन मूळ पाठात बदल करते काय? ते काही न सांगता वगळते काय? त्याची आठवण कोठे असते? ते अक्षर कशाला म्हणते?

म्हणून आपल्या घरातील किंवा विहारातील एखादा तरुण पाली पाठाची सूची संगणकावर करून देण्यास पुढे आला, तर त्याला दोन परीक्षा अवश्य सांगाव्यात. पहिली, काम संपल्यावर मूळ पाठ पुन्हा छापून तो पूर्वीच्या पाठाशी अक्षरशः जुळतो की नाही ते पाहावे. दुसरी, एका पृष्ठावरील शब्द हाताने मोजून यंत्राच्या मोजणीशी ताडून घ्यावेत आणि ते पृष्ठ आरंभीचे न घेता शेवटचे घ्यावे. या दोन परीक्षांत उतरलेली सूची पुढील संशोधनाच्या उपयोगी पडेल.